ताटीबाहेर उभे राहणे

माउली, ताटीच्या अभंगांमागची कथा आपल्याला ठाऊकच आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली. तिने ताटी मोडली नाही, आणि येतील आपोआप म्हणून निघूनही गेली नाही. ज्ञानियांच्या राजालाही त्या घडीला दाराशी आपलं माणूस लागलं. मग आपल्या लेकरांचं काय?

किनवटच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे कारकून होतो. वाड्या-तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरून मुलं येत. कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच. खिडकीवर बसून एक कळलं. खचलेलं लेकरू ‘मला दुःख आहे’ असं सांगत नाही. ते मध्येच टी.सी. मागतं, शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा सोडतं, मेसमध्ये दिसेनासं होतं.

असाच एक मुलगा परीक्षेच्या तोंडावर टी.सी. मागायला आला. मी त्याला आत बसवलं, चहा सांगितला आणि “घरी कसं आहे?” एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने तो बोलला. राहिलेले विषय, बापाचं कर्ज, गावात तोंड दाखवायची लाज. मी सरळच विचारलं, “बाळा, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” त्याने होकारार्थी मान हलवली. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोंडलेलं मोकळं होतं. त्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही. त्याला सांगूनच वसतिगृहाच्या अधीक्षकांना बोलावलं, भावाला फोन लावला, डॉक्टरांकडे नेलं. कार्यालयात त्याची चर्चा होऊ दिली नाही. पुढे त्याने परीक्षा दिली.

आपण माळकरी लगेच म्हणतो, ‘नाम घे, सगळं ठीक होईल.’ नाम तारतंच. पण बुडणाऱ्याला आधी हात द्यावा. तुकोबारायांनी दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला, आणि ते दुःख विठोबापासून लपवलं नाही. रडणं म्हणजे श्रद्धा उणी पडणं नव्हे.

आता सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवा, आणि शिक्षकांना व इतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. म्हणजे शिपाई, ग्रंथपाल, कारकून सगळेच आले. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक खिडकीजवळ लिहून लावा.

आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि त्याच्या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत आपल्यापैकी कितीतरी जण नोकरी करतात. वारीत अनोळखी माणसालाही आपण माउली म्हणतो आणि मागे पडलेल्यासाठी थांबतो. खिडकीशी गप्प उभं असलेलं लेकरूही आपल्याच दिंडीतलं आहे. त्याच्यासाठी थोडं थांबा.

रामकृष्ण हरी.