जागल्या, जरा हळू!

आमच्या वडिलांच्या पिढीला सरकारचे भय वाटे. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत सरकार म्हणजे निजाम सरकार. ते गेले, पण वडिलांची कंबर काही सरळ झाली नाही. तलाठी दिसला की हात आपोआप टोपीकडे जाई. पुढे टोपी सुटली तरी हात जातच राहिला. मोकळ्या कपाळाला लागून परत येई. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण ते तक्रार म्हणून नव्हे, पंचांगातल्या मुहूर्तासारखी सांगत.

आताच्या पोरांचे तसे नाही. संध्याकाळी औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांपाशी उभे राहून बघा. स्पर्धा परीक्षेचे जाडजूड ग्रंथ काखेत मारलेली मुले चहा पिता पिता सरकारचे वाभाडे काढतात आणि कप खाली ठेवला की सरकारी नोकरीचाच अर्ज भरायला जातात. कुणाला ही विसंगती वाटेल. मला वाटत नाही. जावयाला वर्षभर नावे ठेवणारी सासूही दिवाळसणाला त्यालाच बोलावते.

त्यातून या पोरांच्या हाती माहितीचा अधिकार आला आहे. महाराष्ट्राने आपला कायदा आधीच केला होता. केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि साहेबाला विचारायचे. त्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे. ‘तुम्हाला कशाला हवंय?’ असे मात्र साहेबाने विचारायचे नाही! हे वाचून माझे एक निवृत्त हेडक्लार्क स्नेही दोन दिवस नीट जेवले नाहीत. शिवाय आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. आमच्या काळी ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय’ म्हणेपर्यंतच एवढे शब्द खर्ची पडत.

आता आमच्या पुतणीचे सांगतो. ती एका कार्यालयात कंत्राटी अभियंता आहे. कार्यालयाचे नाव सांगत नाही, तिचेही सांगत नाही. कारण पुढे कळेलच. पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही तपासणे हे तिचे काम. टँकर हा आम्हा मराठवाड्याचा जुना सोयरा. उन्हाळा लागला की मुक्कामालाच येतो. हल्ली मोबाइलवर गाडीचा नंबर घातला की गाडीची कुंडली निघते. हिने सहज एक नंबर घालून पाहिला, तर दहा हजार लिटरचा टँकर निघाला स्कूटर.

“काका, स्कूटरवरून दहा हजार लिटर पाणी कसं नेलं असेल हो?”

“कळशी-कळशीनं,” मी म्हणालो.

ती हसली नाही. “ज्या वस्तीच्या नावावर फेरी लिहिलीय, तिथल्या बायकांनी त्या दिवशी पाणी कुठून आणलं असेल? मी वर लेखी कळवणार आहे.”

घरात सभा भरली. सौ. म्हणाली, “आपण बरं, आपलं काम बरं.” पुतणी म्हणाली, “काकू, हेच तर माझं काम आहे.” धाकट्या बंधूंनी ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असे बजावले. कोर्टाचा काही संबंध नव्हता. पण बापाला काळजी वाटली की हाताला लागेल ती म्हण तो फेकून मारतो.

आणि काळजी खोटी नव्हती. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले.

“पण संरक्षणाचा कायदा आहे ना?” पुतणीने विचारले.

आहे. संसदेने मंजूर केला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली. फक्त तो अमुक तारखेपासून लागू, एवढी अधिसूचना निघायची राहिली आहे. साखरपुडा होऊन वरातीचाच पत्ता नाही!

कोपऱ्यात बसलेल्या आईने विचारले, “पण पोरगी होणार तरी काय?” आई नव्वदीची. म्हटले, आतली चोरी ओरडून सांगणाऱ्याला वर्तमानपत्रवाले जागल्या म्हणतात.

“जागल्या होय!” आई म्हणाली. “आमच्या गावात होता की. रात्री त्यानं हाळी दिली की अख्खं गाव कंदील अन् काठ्या घेऊन बाहेर यायचं. गाव घोरत पडलं तर एकटा जागल्या काय करील?”

सभा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी पुतणीने खाली स्वतःची सही करून पत्र दिले आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊन आली. बंधूंनी तिच्या पाच झेरॉक्स काढून पाच नातेवाइकांकडे ठेवल्या. सौ.ने ही हकिगत, कुणाला सांगू नका असे बजावून, सबंध कॉलनीला सांगितली; एरवी या सवयीचा मला त्रास होतो.

पुतणीच्या कंत्राटाची मुदत मार्चअखेर संपते. ते पुन्हा मिळेल की नाही, देव जाणे. तोवर रोज संध्याकाळी ती यायच्या वेळेला आमच्या कॉलनीतले पाचसहा म्हातारे फाटकापाशी गप्पा मारत उभे असतात. कंदील कुणाकडे नाही, बॅटऱ्या आहेत.