काटा हलला, पण खरे बोलला का?

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे मी गावोगाव सांगत आलो. स्वतःच्या पिकअपच्या बाबतीत मात्र मीच तपासणी विसरलो.

गाडीचे मीटर बंद पडले. नवे महाग, म्हणून त्याच गाडीच्या पण नंतरच्या सालातले मीटर भंगारातून आणले. खोबणीत बसले, दिवे लागले, काटे हलले. आम्ही खूश! पुढे कांदा भरून घाट चढताना बॉनेटमधून वाफ निघाली, तरी तापमानाचा काटा आपला मध्यावरच. हेड गॅस्केट गेले. मीटरमध्ये वाचवले त्याच्या कितीतरी पट खर्च झाला.

मेकॅनिकने मग समजावले. काटा स्वतः काही मोजत नाही. इंजिनातला सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, त्यावरून मीटर काटा फिरवते. साल बदलले की सेन्सरचे माप बदललेले असू शकते. डिझेलच्या टाकीतल्या फ्लोटचेही तसेच.

म्हणून दोन्ही मीटरांचे पार्ट नंबर आधी जुळवा. बसवल्यावर टाकीत मोजून डिझेल घाला आणि काटा पाहा. जुन्या मीटरचे किलोमीटर तारखेसह वहीत लिहून ठेवा.

गाडी विकली तेव्हा माझे मीटर बरेच कमी किलोमीटर दाखवत होते. मी वही घेणाऱ्यापुढे ठेवली. भाव थोडा उतरला. पण तोही शेतकरीच. आज तो बाजारात भेटला, तर मला रस्ता बदलावा लागत नाही.