सांडशीआधीची सांडशी

सुताराचा वाकस, चांभाराची रापी, कुणब्याचा फाळ ही सारी लोहारसाळेतून बाहेर पडतात. लोहाराची स्वतःची हत्यारेही बहुतांशी तेथेच घडतात. त्यामुळे लोहारकाम शिकावयास निघालेल्या माणसापुढे एक पेच उभा राहतो : साधनावाचून कौशल्य येत नाही आणि कौशल्यावाचून साधन घडत नाही.

आरंभास तसे थोडेच पुरते. रेल्वेच्या रुळाचा तुकडा लाकडी ठोकळ्यात रोवला की ऐरणीचे काम भागते. एक किलोच्या आसपासची हातोडी, कोळसा आणि वारा यांची त्याला जोड हवी. चामडी भात्याची जागा बहुतेक ठिकाणी हाताने फिरवावयाच्या पंख्याने केव्हाच घेतली आहे. पोलाद भंगारात सापडते. मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यात पुरेसा कर्ब असतो, म्हणून कोयत्याला तो मानवतो. बांधकामाच्या साध्या सळईवर हात बसवावा, धार मात्र तिच्याकडून मागू नये.

पेच खरा जाणवतो तो सांडशीपाशी. तापलेला तुकडा धरावयास सांडशी हवी, आणि सांडशी घडवावयाची तर तुकडा धरलाच पाहिजे. तोड साधी आहे. सळई लांब ठेवावी, थंड टोक हाती धरून तापलेल्या टोकाला जबडा काढावा, भोक पाडावे आणि सरतेशेवटी ती तोडावी. असे दोन जुळे भाग रिव्हेटने जोडून, ती गरम असतानाच उघडझाप करीत निववावे, म्हणजे सांधा आवळत नाही. पहिली सांडशी बहुधा वाकडीच होते. पण तिच्याच आधाराने दुसरी सरळ होते.

मग डोळा तयार व्हावा लागतो. मंद लालीवर ठोकलेले पोलाद तडकण्याचा संभव असतो, नारिंगी रंगावर ते वळते, आणि ठिणग्या उडू लागल्या की जळू लागते. हे रंग भर उन्हात ओळखू येत नाहीत, म्हणून भट्टी सावलीत असते. छिन्नीला पाणी द्यावयाचे तर तापलेली धार विझवून दगडावर घासावी आणि मागच्या उष्णतेने तिच्यावर चढत येणारे रंग पाहावेत. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा दिसतो, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. योग्य क्षण चुकला तर धार तुटते किंवा वळते. मराठी माणसाचे ‘पाणी’ जोखते, ते काय असते हे येथे डोळ्यांना दिसते.

या साळेतील शब्दही वापराने झिजून गुळगुळीत झालेले आहेत. संस्कृत ‘अधिकरणी’ची मराठीत ऐरण झाली आणि गुजरातीत एरण, ‘भस्त्रा’चा भाता झाला, ‘संदंश’ मराठीत सांडशी, हिंदीत सँड़सी, गुजरातीत साणसी होऊन राहिला. भाषांच्या सीमा ओलांडताना शब्द बदलले, हाताची पकड तीच राहिली.

ही विद्या मात्र दीर्घकाळ जन्माच्या कुंपणात होती. बलुतेदारीत लोहाराचे पोर भात्याजवळ बसूनच रंग शिके. बाहेरच्याला तेथे प्रवेश नव्हता आणि घरच्याला सुटका नव्हती. घिसाडी आणि गाडिया लोहार यांच्या स्त्रिया रस्त्याकडेला घण घालतात. पुरुष लहान हातोडीने जागा दाखवतो, तेथे त्यांचा घाव नेमका पडतो. या नेमकेपणाला कौशल्य म्हणण्याऐवजी आपण केवळ कष्ट म्हणत आलो.

आता ट्रॅक्टर आला, फाळ कारखान्यात घडू लागले, आणि लोहाराची मुले दुसऱ्या कामांकडे वळली. त्याच वेळी ज्याच्या घराण्यात कोणी घण उचलला नाही असा नवशिका हौसेने रुळाचा तुकडा शोधत फिरतो. कुंपण मोडले हे चांगलेच झाले. पण रंग दाखवणारा म्हातारा लोहार अद्याप आपल्या साळेत असेल, तर नवशिक्याने आधी त्याच्या भट्टीशी जाऊन बसावे. सांडशी भंगारातूनही मिळेल. तो डोळा त्याच्याबरोबरच जाईल.