पूल झाला की...

आमच्या घरातली निम्मी कामं 'पूल झाला की' करायची होती. आम्ही शिवडीला, आत्या उरणला, आणि मधे समुद्र. लहानपणी अण्णा गच्चीवरून बोट दाखवायचे, "ती बघ, तुझी आत्या!" आम्हांला धुक्याशिवाय काही दिसत नसे, पण अण्णांच्या धाकाने आम्ही "हो, दिसली" म्हणायचो.

मुंबई आणि न्हावा-शेवा पुलाने जोडायची कल्पना १९६०च्या दशकातली, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. त्यामुळे मी तिच्याविषयी नेहमी आदरानेच बोलत आलो. "आज ना उद्या पूल होणारच" असं सांगून आजोबांनी आत्याच्या लग्नात आजीची समजूत घातली होती. पुढे आत्याच्या मुलांचीही लग्नं झाली. पूल काही कागदावरून पाण्यात उतरेना.

तोवर भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच. ओहोटी लागली की मोऱ्याला गाळ उघडा पडतो आणि लाँच बंद. ओहोटीची वेळ तक्त्यात छापलेली असते, पण ती आपल्याला ऐन निघताना आठवते. मग पिशवी घेऊन पुन्हा आत्याच्या दारात. आत्या म्हणायची, "गेली ना लाँच? बरं झालं!" तोवर आमच्या वाटणीचा भात चुलीवर चढलेलाही असे.

२००८ साली पुलाच्या निविदा उघडल्या. टोल किती काळ वसूल करणार, यावर बोली होती. एकाने ९ वर्षं ११ महिने १ दिवस मागितला, दुसऱ्याने ७५ वर्षं! मी बी.कॉम., त्यात नुकताच बँकेत चिकटलेला. मला त्या ७५ वर्षांपेक्षा वरच्या एका दिवसाचीच चिंता. अण्णा म्हणाले, "बँक हॉलिडे धरला असेल." पुढे त्या निविदाच रद्द झाल्या.

अण्णा २०१५ साली गेले. पायाभरणी झाली २०१६च्या डिसेंबरात. वर्षभराने चुकामूक झाली. २०१८ साली काम सुरू झालं. मग मी गच्चीत उभा राहून, खाली चिखलात फ्लेमिंगो आणि पलीकडे क्रेन, असे दोन्ही उंच मानेचे प्राणी पाहत असे. पावणेदोन लाख टनांहून अधिक पोलाद आणि पाच लाख टनांहून अधिक सिमेंट खाऊन पूल उभा राहिला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर.

मी स्कूटर पुसूनपासून तयार केली. तेव्हा कळलं, पुलावर दुचाकीला बंदी!

शेवटी मेव्हण्याची गाडी मागून आणली. तेव्हा टोल होता जाताना २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५. म्हणजे परतीचे फक्त सव्वाशे. "बघ," मी हिला म्हणालो, "माणसानं लगेच परत यावं अशी सरकारचीच इच्छा दिसते."

पूल वीस-बावीस मिनिटांत सरला. आत्या आता ऐंशीच्या घरात. जेवणं झाली. हिने घड्याळाकडे पाहिलं, कारण गाडी सहाला परत द्यायची होती.

"आज ओहोटी कधी आहे रे?" आत्याने विचारलं.

"आत्या, आता ओहोटीचं काय घेऊन बसलीस? पूल झाला ना!"

आत्या काही बोलली नाही. सुक्या बोंबलांची पुडी हातात देताना म्हणाली, "झाला, छानच झाला. लाँच चुकायची तरी रे."

चुलीच्या जागी आता गॅस होता. भाताचं पातेलं त्यावर चढलेलं होतं, आणि पातेलं चौघांचं होतं.

पुढच्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. मी स्कूटर भाऊच्या धक्क्याला लावली आणि मोऱ्याचं तिकीट काढलं. हिने निघताना विचारलं, "परत कधी येणार?"

म्हटलं, "ओहोटी बघून सांगतो."