गळ्यातला कंठ, पायातली कडी

वाचकहो, शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी अकोल्यात येते, कौंडण्यपुरातून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीची वाट धरते, तेव्हा गळ्यात तुळशीची माळ दिसली की आपले हात आपोआप जुळतात. गाव, जात मागाहून कळते. माळ आधी बोलते. आज अशाच एका खुणेविषयी आपल्याशी बोलायचे आहे. फक्त ही खूण पायातली आहे आणि ती पोपटाची आहे.

अमरावतीत आमच्या परिचयाच्या एका घरातून कॉकॅटील जातीचा पक्षी उडाला. हा तुरेवाला परदेशी पोपट. दोन गल्ल्या पलीकडे एका बाईंनी त्याला दाणापाणी दिले आणि चार दिवसांत जीव लावला. मूळ मालक न्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, असे पाखरं सारखेच दिसतात. हा तुमचाच कशावरून?" प्रश्न रास्त होता. पक्ष्याच्या पायातल्या कडीवरचा क्रमांक घरच्या वहीत लिहिलेला होता. दोन्ही जुळले आणि वाद तिथेच मिटला. बाईंनी डोळे पुसत पाखरू दिले.

ही कडी दोन प्रकारची असते. बंद कडीला सांधा नसतो. पिलू दोन-तीन आठवड्यांचे होण्याआधीच ती मऊ बोटांवरून सरकवून पायात घालतात. पुढे पंजा मोठा झाला की ती निघत नाही. म्हणून पक्षी पिलू असल्यापासून माणसाच्या हाती होता, याची ती साक्ष देते. तिच्यावर पाळणाऱ्याची खूण, वर्ष आणि क्रमांक असतो. उघडी कडी मोठ्या पक्ष्यालाही चढवता येते, म्हणून तिची साक्ष कच्ची. पण कडी घातली म्हणजे काम संपले नाही. ती घट्ट झाली तर पाय सुजतो, पिंजऱ्याच्या तारेत अडकली तर हाड मोडते. रोज पायाकडे नजर हवी आणि क्रमांक वहीत हवा. न वाचलेली कडी म्हणजे नुसते ओझे. आफ्रिकन ग्रे, मकाऊ अशा मोठ्या परदेशी पोपटांची तर 2024 च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदही करावी लागते.

आता आपल्या राघूकडे वळू. वऱ्हाडातल्या कितीतरी ओसऱ्यांवर पिंजऱ्यात राघू असतो आणि त्याला 'विठ्ठल विठ्ठल' शिकवलेले असते. ऐकणाऱ्याला कौतुक वाटते. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले पोपट पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. त्यांच्या पायात कोणतीही कडी घातली तरी तो गुन्हा धुतला जात नाही. या राघूच्या नराला दोन-तीन वर्षांचा झाला की कंठ फुटतो, गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटते. देवाने ज्याच्या गळ्यात स्वतः माळ घातली, त्याच्यावर आपण मालकीची खूण कोणत्या अधिकाराने करावी?

खूण करणे म्हणजे कोंडणे नव्हे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1927 पासून रानपाखरांच्या पायात कडी घालते आणि लगेच त्यांना आकाशात सोडते. पाखरू कुठून कुठे गेले एवढेच त्या कडीला विचारायचे असते.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपटाचा दृष्टांत दिला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबतो आणि भिऊन तीच नळी अधिक घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकतो आणि पोपटाला नावे ठेवतो. पण घरी पिंजऱ्यातल्या राघूवर आमचे फार प्रेम आहे, म्हणून सोडवत नाही, असे म्हणणारा माणूस दुसरे काय करत असतो? तिथे नळीला धरून बसलेला राघू नसतो, आपणच असतो.

म्हणून एक विनवणी. परदेशी पाखरू पाळत असाल तर त्याची कडी ही तुमच्या जबाबदारीची खूण समजा, कारण आपल्या रानात त्याचा निभाव लागणे कठीण. पिंजऱ्यात राघू असेल तर घाईने दार उघडू नका. वर्षानुवर्षे कोंडलेल्या, पंख कापलेल्या पाखराला कुत्री-मांजरे धरतात. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, ते त्याची सोय पाहतील. पिंजऱ्याची जागा ओसरीवर रिकामी दिसेल, चार दिवस चुकल्यासारखे वाटेल. तिथे पाण्याचे एक परळ ठेवा. नाम घ्यायला आपला कंठ आहेच.

रामकृष्णहरी.