मागचीसाठी थांबणारी

मुंग्यांच्या रांगेचं कौतुक सगळेच करतात. मला ओढ लागली आहे ती दोघींच्या जोडीची.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, खडकांच्या फटींत, टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस या इवल्याशा मुंग्या राहतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी २००६ साली त्यांच्याविषयी लिहिलं. अन्न सापडलेली मुंगी घरी येऊन एकीलाच सोबत घेते. थोडं चालते, थांबते. मागची आजूबाजूला वळून वाटेच्या खुणा बघून घेते आणि परत येऊन मिशांनी पुढचीच्या पायांना, पोटाला टकटक करते. टकटक झाली की पुढची निघते. नाही झाली, तर वाट पाहते. एकटी गेली असती तर साधारण चौपट वेगानं पोचली असती. फ्रँक्स याला शिकवणंच म्हणतात, कारण शिकवणारीला त्याची झळ बसते.

आमच्या आत्याआजीची नजर गेली तेव्हा मी चौथीत होते. तिन्हीसांजेला तिला देवळात न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती मागून माझ्या खांद्यावर हात ठेवी. बोटं हलकी, पण नखांपर्यंत जागी. पाणंदीत गडग्यापाशी हात उचलला जाई. मग मी उभी. ती मान तिरकी करून वास घेई. शेणाचा आला की गोठा, पुढे बकुळ, मग तेल आणि ओल्या जांभ्याचा, म्हणजे पायऱ्या. हात पुन्हा खांद्यावर येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही, आणि “चल ना गो” म्हणायचं तर मुळीच नाही. पावसाळ्यात वाट वाहून गेली, की सगळं पहिल्यापासून. एका श्रावणात उंबऱ्यातच ती म्हणाली, “आज तू मागनं ये.” आणि काठी न घेता निघाली.

वासाचा विषय निघाला की मला आंब्यावरच्या ओंबील मुंग्या आठवतात. त्यांच्या आफ्रिकेतल्या बहिणींच्या डोक्यातल्या ग्रंथींत धोक्याचा वास असतो, आणि तो एकजिनसी नसतो. हेक्झॅनल झटकन पसरतं: सावध व्हा. मागून हेक्झॅनॉल: इकडे या. जड, सावकाश उडणारी द्रव्यं जागेवरच रेंगाळतात: इथे चावा. मुंगी किती लांब आहे, त्यावर तिला काय कळणार ते ठरतं. एवढ्याशा डोक्यातली ही जुळणी मला कुठल्याही भाषेच्या व्याकरणाइतकी देखणी वाटते.

झेला घेऊन झाडावर चढणाऱ्या गड्याला यातली नावं लागत नाहीत. अंगावर आलेली ओंबील तो झटकतो. चिरडत नाही, चिरडलेली बाकीच्यांना बोलावते.