पडलेलं झाड

भायखळ्यात वाढलेल्या माझ्यासारखीची झाडांशी ओळख झाली ती राणीबागेत. १८६१ सालच्या या बागेत खोडाखोडांवर नावाच्या पाट्या आहेत. आई बोट धरून न्यायची आणि पाट्या वाचायला लावायची. ती गेली त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मात्र, पाट्या नसलेल्या रानात जावं असं फार वाटू लागलं. घरात तिच्या खोलीचे कागद निघाले होते. कुणाचा वाटा किती, यावरून भावाशी बोलणं तुटक झालं होतं आणि डोक्यात दिवसरात्र तोच हिशेब चालू होता.

पहाटेची कर्जत लोकल भायखळ्याहून पकडली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी इथूनच गेली होती. पुढे रुळांखालच्या स्लीपरांसाठी आणि इंजिनांच्या सरपणासाठी देशभर इतकी जंगलं तुटली, की १८६४ मध्ये सरकारने वनखातं काढलं त्यामागे रेल्वेची लाकडाची भूक हे मोठं कारण होतं. नेरळ गेलं, उजवीकडे माथेरान मागे पडलं आणि डावीकडे दूरवर सह्याद्रीची निळी भिंत दिसू लागली. तिच्यावर अजून रान उभं आहे, याचं त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.

कर्जतहून कशेळेमार्गे खांडस. इथून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा. शिडी घाटात लोखंडी शिड्या आणि कड्याला बिलगून चढायचे टप्पे. गणेश घाट लांबचा, पण सोपा. गावातले एक म्हातारे बाबा वरच निघाले होते. “ताई, एकट्या आलाय, गणेश घाटानं चला,” म्हणाले आणि पुढे चालूही लागले. पदरगड बाजूला ठेवत, कारवीच्या दाटीतून आम्ही चढत राहिलो. पहिले दोन तास मी रानात नव्हतेच. भावाला काय उत्तर द्यायचं त्याची वाक्यं जुळवत होते. बाबांनी दोनदा थांबून काहीतरी दाखवलं, मी नुसती मान हलवली.

पदरवाडीच्या सपाटीनंतरचा शेवटचा चढ संपतो आणि उजेडच बदलतो. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा. फांद्या एकमेकींत इतक्या शिरलेल्या, की शेकरूला जमिनीवर उतरायची गरज पडत नाही. तांबूस, झुपकेदार शेपटीचं ते जनावर, आपला राज्यप्राणी, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावलं. वर काटक्या-पानांचं त्याचं गोल घरटं दिसलं. बाबा म्हणाले, तो अशी बरीच बांधतो.

थोडं पुढे एक प्रचंड झाड वाटेवर आडवं पडलं होतं. वाट त्याला वळसा घालून गेली होती. येताना आम्हाला डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका भेटल्या होत्या, म्हणून विचारलं.

“हे असंच पडून राहणार?”

“राहणार. देवाचं आहे.”

“पण सरपणाला बायका केवढ्या लांब जातात!”

“जातात की.”

एवढं बोलून ते खोडाच्या टोकाशी बसले. मीही टेकले. हे रान अभयारण्य झालं १९८५ मध्ये, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. आता कायदाही आहे, चौकीही आहे. पण देवाचं हे रान त्याआधी किती पिढ्या राखलं गेलं, ते कुणी मोजलेलं नाही. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी हाच नेम त्यांना आढळला: कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. चुलीला लाकूड लागतं, समोर लाकूड पडलेलं आहे, आणि हात मागेच ठेवायचा. रोज, जन्मभर. मला यापेक्षा मोठी साधना माहीत नाही.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. तिथून परतल्यावर, परंपरा सांगते, त्यांनी घरातली कर्जखतं धाकट्या भावाबरोबर निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. भावाचा वाटा भावाच्या हाती नीट ठेवून मगच त्यांनी आपला सोडला, हे त्या खोडाशी बसले असताना लक्षात आलं. डोंगराने त्यांना काय दिलं याची आपण खूप चर्चा करतो. मला त्या दिवशी त्यांनी खाली येऊन काय सोडलं तेच दिसत राहिलं.

मग खोडाकडे पाहिलं. सालीच्या भेगांत शेवाळ, मुंग्यांची ये-जा, कुजलेल्या भागातून उगवलेली बोटभर रोपं. पावसाळ्यात ओल्या अंधाऱ्या रात्री अशी कुजकी लाकडं फिकट हिरवी उजळतात. लाकूड खाणाऱ्या बुरशीचा तो प्रकाश. कुणी हे सरपण म्हणून नेलं असतं, तर एका घरची चूल काही दिवस पेटली असती, तेवढंच. किती वेळ पाहत होते कोण जाणे. घरातल्या कागदांचा विचार मधल्या वेळात एकदाही आला नव्हता. खोलीचं काय करायचं ते तिथे सुचलं, असं मात्र झालं नाही. भावाला आधी विचारायचं की त्याला काय हवंय, एवढंच ठरलं. तोवर हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

देवळाशी रांग होती, घंटा वाजत होत्या, प्लास्टिकही होतं. ते पाहून जीव तुटला. इथे उगम पावणारी भीमा तुळापूरला इंद्रायणीला पोटात घेते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. वारकरी जिच्यात बुडी मारतात, त्या पाण्याची सुरुवात या न तोडलेल्या झाडांच्या मुळांशी आहे.

निरोप घेताना बाबांना विचारलं, अगदीच गरज पडली तर? देऊळ पडलं तर?

“तर कौल लावायचा. देवानं दिला तर घ्यायचं.”

“आणि नाही दिला तर?”

“मग दुसरीकडं बघायचं,” ते म्हणाले आणि मंचरची एसटी कुठे लागते ते दाखवून वळले.